वेड नव्हे, पण मन आहे

आज १७ नोव्हेंबर, राष्ट्रीय अपस्मार दिन. दरवर्षीप्रमाणे यंदाही रुग्णालयांच्या दर्शनी भागात जांभळे फलक लागतील, शिबिरे होतील, तज्ज्ञांच्या मुलाखती छापून येतील. फिट आलेल्या माणसाच्या नाकाशी चप्पल धरू नका, कांदा फोडू नका, तोंडात चमचा कोंबू नका; त्याला कुशीवर वळवा, घड्याळ बघा आणि पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर तातडीने रुग्णालयात न्या, हे पुन्हा एकदा सांगितले जाईल. ते सांगायलाच हवे. एसटी स्टँडवर कुणाला फिट आली की गर्दीतला पहिला हात आजही पायातल्या चपलेकडेच जातो. पण या आजाराला आणखी एक अंग आहे. त्याविषयी या दिवशीही कुणी फारसे बोलत नाही. बोललेच तर शेवटच्या दोन ओळींत उरकून टाकतात. ज्याला फिट येते त्याच्या मनात काय चालले आहे, आणि जगणेच नको असे तर त्याला वाटत नाही ना, हा तो विषय. आजचा अग्रलेख त्यासाठी.

अपस्माराविषयीच्या प्रबोधनाने आपल्याकडे एक मोठी लढाई बऱ्याच अंशी जिंकली आहे. ‘फिट म्हणजे वेड नव्हे, करणी नव्हे, बाहेरची बाधा नव्हे, तो मेंदूचा आजार आहे’ हे डॉक्टर, कार्यकर्ते आणि रुग्णांच्या संघटना कित्येक वर्षे कानीकपाळी ओरडून सांगत आल्या. त्याची गरजही होती. हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात १९९९ पर्यंत वेडाचे आणि अपस्माराचे वारंवार येणारे झटके एकाच कलमात, एकाच दमात लिहिलेले होते. ज्याला फिट येते त्याचे लग्नच कायद्याच्या नजरेत कच्चे. भारतीय एपिलेप्सी असोसिएशनने पाठपुरावा केला आणि १९९९ च्या दुरुस्तीने अपस्मार हा शब्द त्या कलमातून गेला. पुढे २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, अपस्मार हा असाध्य रोग नाही आणि मानसिक विकारही नाही, त्यामुळे घटस्फोटाचे कारण ठरू शकत नाही, असा स्पष्ट निर्वाळा दिला.

पण ही लढाई जिंकताना एक गोष्ट हातून निसटली. ‘वेड नव्हे’ हे इतके ठासून सांगितले गेले की फिटच्या रुग्णालाही मन असते आणि ते आजारी पडू शकते, हे बोलणेच अवघड होऊन बसले. मेंदूविकारतज्ज्ञांनी ‘एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून घ्या’ असे सुचवले की नातेवाइकांचा चेहरा उतरतो. ‘डॉक्टर, आमचा मुलगा वेडा नाही हो, त्याला नुसत्या फिट येतात,’ हे उत्तर ठरलेले. ती चिठ्ठी मग खिशातच चुरगळते. म्हणजे ज्या वाक्याने रुग्णाच्या कपाळावरचा शिक्का पुसला, त्याच वाक्याने एक आवश्यक दार त्याच्यासाठी बंदही केले. शिक्का पुसला तो फक्त फिटचा. मानसिक आजारावरचा शिक्का होता तिथेच राहिला आणि फिटचे रुग्ण त्याच्यापासून चार हात लांब उभे राहिले.

जिल्हा रुग्णालयातल्या फिटच्या बाह्यरुग्ण विभागात एखादी सकाळ काढली की हे डोळ्यांना दिसते. बाकावर दाटीवाटीने माणसे बसलेली असतात. हातात प्लास्टिकच्या पिशव्या, त्यांत एमआरआयच्या फिल्मा, जुने केसपेपर, गोळ्यांची रिकामी पाकिटे. नंबर आला की आई पुढे होते आणि भिंतीवरून काढून आणलेली कालनिर्णयची पाने टेबलावर उलगडते. ज्या तारखांना फिट आली त्यांच्याभोवती लाल पेनने गोल केलेला असतो. ‘या महिन्यात किती?’ ‘तीन. त्यातली एक झोपेत.’ ‘गोळी चुकली होती?’ ‘गणपतीत गावाला गेलो होतो, तेव्हा एकदा.’ डॉक्टर मात्रा थोडी वाढवतात, रक्त तपासायला सांगतात, पुढची तारीख देतात. बाहेर अजून निम्मी रांग शिल्लक असते, त्यामुळे त्यांचेही चुकते असे म्हणवत नाही. आईच्या शेजारी विशी ओलांडलेला मुलगा बसलेला असतो. कॉलेज मध्येच सुटलेले. या सगळ्या बोलण्यात त्याच्या वाट्याला एकही वाक्य आलेले नसते. झोप कशी लागते, मित्र येतात का, पुढचे काय ठरवले आहेस, हे त्याला कुणी विचारत नाही. आई विचारत नाही, कारण उत्तराची भीती वाटते. डॉक्टर विचारत नाहीत, कारण वेळ नसतो. आणि तो आपणहून सांगत नाही, कारण घरावर आधीच आपला भार आहे असे त्याला वाटत असते. लाल गोलांचा हिशेब चोख राहतो. या वाटण्याची नोंद मात्र कुठेच होत नाही.

ही नोंद का हवी, ते आकडे सांगतात. जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे. भारतात ही संख्या एक कोटीच्या घरात असल्याचे मानले जाते. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले, तर अपस्मार असलेल्या साधारण दर चौघांपैकी एकाला नैराश्याने गाठलेले दिसते. चिंतेचा विकारही जवळपास तितक्याच प्रमाणात आढळतो. डेन्मार्कमध्ये १९८१ ते १९९७ या काळातील आत्महत्यांच्या नोंदी तपासून केलेला एक मोठा अभ्यास २००७ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अपस्मार असलेल्यांमध्ये आत्महत्येचा धोका इतरांच्या जवळपास तिप्पट असल्याचे त्यात दिसले. मानसिक आजार असलेले रुग्ण आणि आर्थिक-सामाजिक कारणे बाजूला काढून हिशेब केला तरी तो दुपटीच्या आसपास उरलाच. खरी दखल घ्यावी अशी बाब पुढेच आहे. निदान झाल्यापासूनच्या पहिल्या सहा महिन्यांत हा धोका पाचपटींहून अधिक होता. त्या सहा महिन्यांत सोबत एखादा मानसिक आजारही असेल, तर तो २९ पटींपर्यंत गेला.

हे आकडे वाचून कुणी घाबरून जाऊ नये. मुळात कमी असलेला धोका तिप्पट झाला तरी बहुतांश रुग्णांच्या वाट्याला तो येत नाही. अपस्मारासह शिकलेली, नोकऱ्या करणारी, मुलेबाळे वाढवणारी, म्हातारी झालेली माणसे आपल्या अवतीभवती आहेत. आपल्याला ती माहीत नसतात इतकेच. आकडे घ्यायचे ते भविष्य म्हणून नव्हेत, सूचना म्हणून. कुठे लक्ष द्यायचे आणि केव्हा, हे ते नेमके सांगतात. ‘तुम्हाला अपस्मार आहे’ हे शब्द कानावर पडल्यानंतरचे सहा महिने सर्वांत नाजूक. आपल्याकडे नेमके याच सहा महिन्यांत काय होते? एमआरआय होतो, ईईजी होतो, गोळ्या सुरू होतात. देवऋषी, अंगारे, गंडेदोरेही होऊन जातात. हे नवे आयुष्य कसे जगायचे, यावर मात्र त्या माणसाशी निवांत बसून कुणीच बोललेले नसते.

‘एवढा आजार म्हटल्यावर मन खचणारच, त्यात नवल ते काय’ अशी एक समजूत आहे. ती सहानुभूतीतून येते, पण घात करते; कारण जे स्वाभाविक वाटते त्यावर आपण उपचार करत नाही. वास्तविक अपस्मारातले नैराश्य हे केवळ परिस्थितीचे रडगाणे नसते. फिट ज्या भागांतून अनेकदा उगम पावते, ते कानशिलामागचे मेंदूचे भाग भावना आणि स्मृती यांच्याही कामात गुंतलेले असतात. फिटच्या आधी काही तास मन उदास किंवा चिडचिडे होणे आणि फिट येऊन गेल्यावर दिवसभर, कधी त्याहून अधिक काळ, खोल निराशेत राहणे हा अनेक रुग्णांचा अनुभव आहे. आइसलँडमधला २००६ सालचा एक अभ्यास तर उलट्या दिशेने गेला. ज्यांना पूर्वी मोठे नैराश्य येऊन गेले होते, किंवा ज्यांनी स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला होता, त्यांच्यात पुढे फिट सुरू होण्याचे प्रमाण अधिक दिसले. म्हणजे आधी फिट आणि मग दुःख, इतका हा सरळ हिशेब नाही. दोन्हींची मुळे मेंदूत काही ठिकाणी एकमेकांत गुंतलेली असावीत, असेच यावरून दिसते. म्हणूनच फिट थांबल्या की मन आपोआप उभारी धरते, हाही भ्रम आहे. शस्त्रक्रियेने फिट पूर्ण थांबलेल्या काही रुग्णांनाही पुढच्या काही महिन्यांत नैराश्य येते. वर्षानुवर्षे आजाराभोवती बेतलेले आयुष्य एकदम मोकळे होते आणि सगळ्यांच्या अपेक्षा एकदम वाढतात.

परिस्थितीचा वाटा नाही, असे मात्र नाही. तो मोठा आहे आणि तो आपण, म्हणजे समाजाने, तयार केलेला आहे. फिट सुरू झाली की घरात नियमांची यादी लागते. न्हाणीघराला आतून कडी लावायची नाही, विहिरीकडे एकट्याने जायचे नाही, सायकल नको, पोहायला नको, गॅसजवळ नको, सहलीला तर मुळीच नको. यांतले काही नियम रास्तच आहेत. पण त्यांची भिंत कुठवर चढवायची याचे भान सुटले, तर पंचविशीतल्या माणसाचे पाच वर्षांचे मूल होऊन जाते. वाहन परवान्याच्या अर्जातच फिट येते का, असे विचारलेले असते आणि ‘हो’ म्हटले की परवाना मिळत नाही. ज्यांची रोजीरोटी रिक्षा-टेम्पोवर आहे त्यांनी मग खरे सांगावे की पोट भरावे? कारखान्यात पाळी चालू असताना एकदा फिट आली की दुसऱ्या दिवशी ‘तब्येतीची काळजी घ्या’ असे म्हणत घरी बसवले जाते. काम जाते आणि त्यासोबत घरातला शब्दही जातो. शाळेत बाकावरून खाली कोसळलेल्या मुलाला मार बसलेला असतोच. पण भान आल्यावर ओला झालेला गणवेश आणि भोवती वर्तुळ करून उभा असलेला वर्ग, हे तो जन्मभर विसरत नाही.

मुलींचे ओझे आणखी निराळे. कायदा बदलून पाव शतक उलटले, तरी ‘सांगितले तर स्थळ जाईल’ हे घराघरांतले गणित बदललेले नाही. आजार लपवून लग्न होते. सासरी गेल्यावर गोळ्या ‘ताकदीच्या’ म्हणून घेतल्या जातात, लपवून घेतल्या जातात आणि एक दिवस लपवणे जमले नाही की बंद पडतात. मग सणावारी, पाहुण्यांनी भरलेल्या घरात फिट येते. त्या क्षणापासून ती सून ‘फसवून गळ्यात मारलेली’ ठरते. माहेरी परतलेल्या अशा मुलीला ‘बरी आहेस ना’ असे विचारणारी माणसे पुष्कळ असतात. ‘जगावेसे वाटते ना’ हे विचारणारे कुणी नसते. या संदर्भात पुण्याच्या संवेदना फाउंडेशनने केलेल्या कामाचा उल्लेख करायला हवा. स्वतः अपस्मारातून गेलेल्या यशोदा वाकणकर यांनी सुरू केलेल्या या गटात रुग्ण आणि पालक एकत्र बसून बोलतात आणि आजार न लपवता लग्न जुळावे यासाठीही प्रयत्न होतात. एकमेकांसमोर ‘मलाही होते’ असे म्हणता येण्याने जे साधते, ते कोणत्याही गोळीने साधत नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या गावी असा एक गट उभा राहायला काय हरकत आहे?

आता औषधांविषयी, कारण इथे गैरसमजाला फार जागा आहे. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००८ साली अपस्मारावरील ११ औषधांच्या १९९ चाचण्या तपासल्या. औषध घेणाऱ्या गटात जीव देण्याचे विचार किंवा तसे वर्तन ०.४३ टक्के लोकांत दिसले. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या गटात ते ०.२४ टक्के होते. त्यावरून या औषधांच्या माहितीपत्रकात इशारा छापणे बंधनकारक झाले. याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. हा फरक दर हजारी सुमारे दोघांचा आहे आणि सगळी औषधे एका मापाने मोजताही येत नाहीत. लेव्हेटिरासिटॅमसारख्या काही औषधांनी काही रुग्णांत चिडचिड, संताप, उदासी वाढते, फेनोबार्बिटोनचेही तसेच. उलट व्हॅल्प्रोएट आणि लॅमोट्रिजिन ही औषधे मनाचे चढउतार सावरण्यासाठी मानसोपचारातही वापरली जातात. तेव्हा गोळी सुरू झाल्यावर किंवा बदलल्यावर माणूस बदलल्यासारखा वाटला, तर ते ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना सांगावे, पर्याय असतात. पण गोळी आपल्या मनाने बंद करू नये. अचानक गोळी थांबवल्याने एकामागून एक फिट येत राहू शकतात आणि तो धोका फार मोठा व तत्काळ असतो.

याच्या जोडीला दुसरा गैरसमज आहे, आणि तो काही डॉक्टरांच्या मनातही घर करून आहे. नैराश्यावरच्या औषधांनी फिट वाढतात, म्हणून फिटच्या रुग्णाला ती द्यायचीच नाहीत, असे मानले जाते. बुप्रोपिऑन, क्लोमिप्रामिन अशा मोजक्या औषधांबाबत ही काळजी खरी आहे. पण आज नैराश्यासाठी सर्वाधिक दिली जाणारी एसएसआरआय गटातील औषधे नेहमीच्या मात्रेत फिटच्या बहुतेक रुग्णांना सुरक्षितपणे देता येतात. समुपदेशनाला तर कसलीच आडकाठी नाही. ‘फिट आहेत म्हणून नैराश्यावर उपचार नाही’ हे तत्त्व औषधशास्त्रात कुठेही लिहिलेले नाही. ते आपल्या संकोचाने लिहिले आहे.

सरकारी दफ्तरात या प्रश्नाची काय नोंद आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांत सर्वाधिक, म्हणजे २२,७४६, महाराष्ट्रात. कारणांमध्ये कौटुंबिक प्रश्नांखालोखाल क्रमांक आजारपणाचा, १८.४ टक्के. या आजारपणाचीही पोटविभागणी केलेली असते: कर्करोग, पक्षाघात, एड्स, मानसिक आजार आणि उरलेले सगळे ‘इतर दीर्घकालीन आजार’ या गाठोड्यात. अपस्मार या गाठोड्यात कुठेतरी आहे. किती, हे सांगता येत नाही, कारण वेगळा रकानाच नाही. जे मोजले जात नाही त्यासाठी आपल्या व्यवस्थेत पैसाही ठेवला जात नाही आणि जबाबदारीही कुणाची नसते.

गंमत अशी की कागदावर ही दोन दुखणी आपण कधीच एकत्र आणून ठेवली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली मानसिक आरोग्यातील दरी भरून काढण्यासाठी जो कार्यक्रम सुरू केला, त्याच्या प्राधान्यक्रमात नैराश्य, अपस्मार आणि आत्महत्या-प्रतिबंध हे तिन्ही विषय शेजारी शेजारी आहेत. प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरने एकाच पुस्तिकेतून तिन्ही हाताळावेत ही त्यामागची कल्पना. आपल्या आयुष्मान आरोग्य मंदिरांसाठी ठरवलेल्या १२ सेवांमध्येही मानसिक, मेंदूविषयक आणि व्यसनविषयक आजार एकाच गठ्ठ्यात बांधलेले आहेत. म्हणजे आशाताईंनी ज्या घरात फिटच्या गोळ्यांची चौकशी करायची, त्याच घरात त्याच भेटीत मनाचीही चौकशी करायची, असे योजनाच सांगते. प्रत्यक्षात मेंदूविकाराचा विभाग एका मजल्यावर, मानसोपचाराचा दुसऱ्या इमारतीत. एकाचा वार सोमवार, दुसऱ्याचा गुरुवार. तालुक्याहून पहाटेची गाडी पकडून, एका दिवसाची मजुरी बुडवून आलेला माणूस दुसऱ्या वारी पुन्हा येईल, ही अपेक्षा धरणारेच भोळे म्हटले पाहिजेत.

मनुष्यबळ नाही, ही सबबही पुरती खरी नाही. मानसोपचारतज्ज्ञ कमी आहेत हे मान्य. पण आपल्या शेजारच्या गोव्यात ‘संगत’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने केलेल्या चाचण्या काय सांगतात? स्थानिक, मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांना दिलेल्या उपचारांचा फायदा होतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्याचे निष्कर्ष २०१० आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’सारख्या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि जगभर त्यांचा दाखला दिला जातो. गोव्याच्या केंद्रांत जे जमले, ते फिटच्या रुग्णांसाठी सावंतवाडीत, परांड्यात किंवा धडगावात करून पाहायला कुणाची परवानगी हवी आहे? फिटच्या शिबिरात रक्तदाब मोजायला एक टेबल असते. मनाची विचारपूस करायला दुसरे टेबल लावणे इतके अवघड नसावे.

या टेबलावर काय करायचे, तेही ठरलेले आहे. अपस्माराच्या रुग्णांतील नैराश्य ओळखण्यासाठी सहाच प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली २००६ सालापासून उपलब्ध आहे. गेल्या दोन आठवड्यांत सगळेच जड वाटते का, कशात आनंद वाटतो का, आपण नसतो तर बरे झाले असते असे वाटते का, अशा अंगाने जाणारे तिचे प्रश्न आहेत. रांगेत बसल्या बसल्या रुग्ण त्यांची उत्तरे देऊ शकतो. ज्याची उत्तरे चिंताजनक, त्याला त्याच दिवशी, त्याच आवारात समुपदेशकापर्यंत पोहोचवायचे. पहिल्या सहा महिन्यांतल्या प्रत्येक रुग्णाला हे प्रश्न प्रत्येक भेटीत विचारायचे. याला नवे यंत्र लागत नाही, नवी इमारत लागत नाही. राज्याच्या आरोग्य विभागाने एक परिपत्रक काढावे आणि केसपेपरवर ‘फिट किती’ याच्या खाली ‘मन कसे’ अशी एक ओळ छापावी. अंमलबजावणी म्हणजे आणखी काय वेगळे असते?

घरच्यांसाठीही दोन शब्द. ‘मरणाचे विचार येतात का’ असे विचारले तर नसलेला विचार डोक्यात भरेल, ही भीती अनाठायी आहे. असे विचारल्याने तो विचार रुजत नाही; उलट विचारणारा कुणी आहे, याचाच बहुतेकांना आधार वाटतो. गप्प गप्प राहणे, झोप उडणे, ‘माझ्यामुळे तुम्हाला किती त्रास’ असे वारंवार म्हणणे, आवडीच्या वस्तू वाटून टाकणे, गोळ्या घ्यायला कंटाळा करणे, ही लक्षणे दिसली तर वाट बघू नका. तेव्हा त्या माणसाला एकटे सोडू नका, उपदेश करू नका, ‘इतरांचे बघ किती वाईट आहे’ असे तर मुळीच म्हणू नका. ऐकून घ्या. घरातली औषधे आणि धोक्याच्या वस्तू दुसऱ्या जबाबदार माणसाच्या ताब्यात ठेवा, गोळ्या त्या जबाबदार माणसाच्याच हातून वेळच्या वेळी मिळतील असे पाहा आणि डॉक्टरांना गाठा. पोलिसांच्या भीतीने असे प्रकार दडपण्याची पूर्वी सवय होती. आता त्याचे कारण उरलेले नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली आहे असे मानून तिला उपचार देणे ही सरकारची जबाबदारी आहे. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारे जुने ३०९ कलम ठेवलेलेच नाही.

‘फिट म्हणजे वेड नव्हे’ हे वाक्य खोडायचे नाही; ते पुरे करायचे आहे. फिट म्हणजे वेड नव्हे, पण फिट येणाऱ्या माणसाला मन आहे, ते आजारी पडू शकते आणि ते बरे होते, असे आता एका दमात सांगावे लागेल. आजच्या दिवशी आमचे डॉक्टरांना, आशाताईंना, शिक्षकांना आणि प्रत्येक घराला एवढेच आवाहन आहे: फिट येणारी जी व्यक्ती तुम्हाला माहीत आहे, तिला आजच, कालनिर्णय बाजूला ठेवून, ‘तुला कसे वाटते आहे’ हे विचारा आणि उत्तर पुरे होईपर्यंत थांबा. आणि ज्यांना स्वतःलाच जगणे नकोसे झाले आहे त्यांनी हे वाचत असाल तर ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक फिरवा. तो मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि पलीकडचा माणूस तुमच्याशी मराठीत बोलतो.